तळहात चोळून गरम करणाऱ्या वायरमनभाऊंस

वायरमनभाऊ,

स. न. वि. वि.

जूनच्या पहिल्या आठवड्यात, पहिला मोठा पाऊस कोसळला त्या रात्री, चिपळूणजवळच्या आमच्या वाडीतली वीज दुरुस्त करायला तुम्ही आला होतात. रेनकोटाच्या टोपीमुळे तुमचा चेहरा मला नीट दिसला नाही आणि त्या धांदलीत तुमचे नाव विचारायचेही राहून गेले. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहिते आहे. वाचणाऱ्यांपैकी कोणी ना कोणी ते तुमच्यापर्यंत पोहोचवील अशी आशा आहे. आता श्रावण लागला, तरी त्या रात्रीची आठवण निघाली की माझा गळा भरून येतो.

माझ्या परसात पाखरांची ये-जा वर्षभर चालू असते आणि गेली १४ वर्षे मी तिची एक वही ठेवली आहे. सप्टेंबर सरता सरता करडा धोबी विहिरीच्या कठड्यावर येऊन शेपटी हलवू लागतो. थंडीत स्वर्गीय नर्तक आपली लांब पांढरी शेपटी पोफळीतून फितीसारखी ओढत नेतो, आणि मार्चअखेर धोबी हिमालयाच्या वाटेला लागला की विहिरीकडे बघवत नाही. मग कोकिळाचा आणि पावशाचा आवाज चढत जातो आणि मृगाच्या आगेमागे नवरंग आणि तिबोटी खंड्या हे दोघे दक्षिणेकडून कोकणात येतात. थंडीचे पाहुणे चरायला येतात आणि पोट भरून परत जातात. हे दोघे मात्र, माहेरवाशीण बाळंतपणाला यावी तसे, ऐन पावसात पिल्ले वाढवायला इथे येतात. शेजारच्या रायगडाने तर तिबोट्याला आपल्या जिल्ह्याचा पक्षी म्हणून मान दिला आहे. या पाखरांची वाट मी पावसाइतकीच आतुरतेने पाहते.

त्या संध्याकाळी साडेसातच्या सुमारास पडवीच्या नव्या सरकत्या काचेवर काहीतरी थाडकन आपटले. आत दिवा चालू होता. हे पक्षी रात्रीचा प्रवास करतात, आणि वाऱ्यापावसात भरकटलेल्या पाखराला असा दिवा दिसला की ते त्याच्याकडेच झेप घेते, हे मला त्या वेळी ठाऊक नव्हते. बाहेर जाऊन पाहिले, तर पायरीवर तिबोटी खंड्या पडलेला. एवढासा जीव, जेमतेम १५-२० ग्रॅमचा, मूठभरही नाही. चोच पोवळ्यासारखी लाल, पोट हळदीसारखे पिवळे, पाठीवर काळसर निळाई, आणि डोळे मिटलेले. चोच किंचित उघडी होती आणि श्वास इतका भराभर चालला होता की छातीवरची पिसे थरथरताना दिसत होती.

त्यानंतरचे दोन तास मी विसरू शकत नाही. जनावरांच्या एका दवाखान्यात फोन केला, तेव्हा पाखरांसाठी रात्री कोणी येत नसते एवढे सांगून तो ठेवून देण्यात आला. पक्ष्यांच्या जाणकारीबद्दल ज्यांचे आमच्या भागात नाव आहे असे एक गृहस्थ लगेच मोटारीने आले. ५ ते १२ नोव्हेंबर, म्हणजे मारुती चितमपल्लींच्या जन्मदिवसापासून सालिम अलींच्या जन्मदिवसापर्यंत, आपल्याकडे पक्षी सप्ताह साजरा होतो. त्या सप्ताहात मी त्यांचे भाषण पहिल्या रांगेत बसून ऐकले होते. त्यामुळे ते दारात दिसताच मला केवढा धीर आला! त्यांनी त्या अर्धमेल्या पाखरावर फ्लॅश मारून दहा-बारा फोटो काढले, ‘आता निसर्गात ढवळाढवळ करू नये’ असे मला सांगितले आणि ते निघून गेले. त्यांचा फोटो दुसऱ्या दिवशी सगळीकडे फिरला, पण पाखराचे पुढे काय झाले हे विचारणारा त्यांचा फोन आजतागायत आलेला नाही. याचा राग मला अजूनही आहे आणि तो मी लपवणार नाही.

ते गेले आणि वीजही गेली.

तुम्ही आलात तेव्हा दहा वाजून गेले असावेत. खांबावरचे काम आटोपून, घरात उजेड आला का हे विचारायला तुम्ही मागच्या दारी आलात, आणि सुपात जुन्या पातळाच्या तुकड्यावर ठेवलेले पाखरू तुमच्या नजरेस पडले. शेजारच्या काकी त्याच्या चोचीत चमच्याने पाणी घालायला निघाल्या होत्या. ‘काकी, पाणी नको, श्वासात जाईल,’ असे म्हणून तुम्ही त्यांना थांबवलेत.

मग तुम्ही जे केलेत, त्यासाठी हे सगळे पत्र आहे. पाखराला हात लावण्याआधी तुम्ही रबरी हातमोजे काढलेत, पन्हळीखाली हात धुतलेत, रेनकोटाच्या आत हात घालून शर्टाच्या कोरड्या राहिलेल्या टोकाला ते पुसलेत, आणि दोन्ही तळहात एकमेकांवर चोळू लागलात. मला वाटले तुम्हाला थंडी वाजते आहे. मी चहा टाकू का म्हणून विचारले, तर तुम्ही म्हणालात, ‘तसं नाही काकू, हात गार आहेत माझे. त्याला चटका बसेल गारठ्याचा.’ तळहात चांगले गरम झाल्यावर, एकदा गालाला लावून पाहून, मगच तुम्ही त्याला उचललेत. पंजे तुमच्या बोटावर आले तेव्हा त्याची तीन बोटे मी पहिल्यांदा इतक्या जवळून पाहिली. चार नव्हे, तीनच, आणि ती शिवणाच्या दोऱ्याएवढी बारीक.

भाऊ, बारा-चौदा तास खांबावर चढउतार केलेल्या माणसाने, अजून तीन ठिकाणची तक्रार शिल्लक असताना, आपल्या हाताचा गारठा एका पाखराला बाधू नये म्हणून थांबून राहावे, हे मी तोवर कोणात पाहिले नव्हते. चांगुलपणाचे धडे मी शाळेत ३१ वर्षे शिकवले. त्यांतल्या एकातही हे नव्हते. पदव्या, व्याख्याने आणि महागडे कॅमेरे असलेल्या माणसांना जे सुचले नाही ते तुम्हाला न सांगता सुचले, याचे कारण मी पुष्कळ शोधले. तुम्ही त्या पाखराकडे पाहून त्याला काय वाटत असेल एवढाच विचार केलात. माझ्या मते माणुसकी म्हणतात ती हीच, आणि ती आपल्या गावोगावच्या कामकरी माणसांत अजून भरपूर आहे.

बाकीचे थोडक्यात लिहिते. चपलांच्या रिकाम्या खोक्याला तुम्ही टेस्टरने भोके पाडलीत, पाखराला आत ठेवलेत आणि पहाटेपर्यंत झाकण उघडू नका म्हणून बजावलेत. पहाटे साडेपाचला मी ते खोके परसामागच्या पऱ्यावर नेले. आतून खुडखुड ऐकू येत होती. झाकण काढताच तो क्षणभर कडेवर बसला, दोनदा मान खालीवर केली, आणि पाण्यालगत निळी रेघ ओढत असा गेला की मी ‘गेला!’ असे मोठ्याने ओरडले. ऐकायला तिथे कोणी नव्हते. हे तुम्हाला सांगायचे राहून गेले होते, ते आज सांगते आहे.

जाताना तुम्ही म्हणाला होतात, ‘हे पाखरांचे दिवस संपेपर्यंत पडवीचा दिवा लावू नका, आणि काचेच्या बाहेरनं काहीतरी लटकवा; दिवसा त्यांना काचेतलं झाड खरं वाटतं.’ त्याप्रमाणे मी काचेबाहेर वरपासून खालपर्यंत सुंभाचे दोर सोडले आहेत. दोन दोरांत चार बोटांचे अंतर ठेवले, म्हणजे मधून जाता येईल असे पाखराला वाटू नये. त्यानंतर काचेवर एकही पाखरू आपटलेले नाही. वाडीतल्या आणखी दोन घरांनी आपल्या खिडक्यांना असेच दोर बांधले.

पऱ्याच्या दरडीत, जांभळीच्या मुळाखाली, सध्या तिबोट्याचे बीळ आहे. तो तोच, असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. पण नर-मादी दिवसभर आळीपाळीने चोचीत सापसुरळी, कोळी, एखादा खेकडा घेऊन आत शिरतात, आणि आतली चिवचिव तीस पावलांवरच्या आमच्या मागच्या दारातून ऐकू येते. पिल्ले उडाली की पाऊस ओसरताना ही मंडळी दक्षिणेला निघून जातील, आणि विहिरीवर धोबी येईल.

ती जाण्याआधी एकदा या. ड्युटीच्या दिवशी नको, सुटी काढून या, घरच्यांनाही आणा. त्या रात्री आधण उकळत असतानाच तुम्हाला पुढच्या खांबावरून हाक आली होती. तो चहा अजून राहिला आहे.

तुमची,
मागच्या दारच्या काकू