अक्का, एक्केचाळिसाव्या कट्ट्यासाठी

आदरणीय अक्का,
सा. न. वि. वि.

माझी कथा यंदा दिवाळी अंकात आली. वर नाव माझं एकटीचं आहे आणि कथेखाली ऋणनिर्देश छापायची पद्धत नाही. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. समोर बसून आभार मानायला गेले तर तुम्ही विषय बदलणार, हे ठाऊक आहे. शिवाय आपल्या जिल्ह्यात कुठंतरी, बार्शीला, अक्कलकोटला, कुणी एकटंच कथा लिहीत बसलं असेल, तर दुसऱ्याच्या गोष्टीला मदत कशी करतात हे त्यालाही कळावं.

कथा विडी वळणाऱ्या आईची. मध्यावरचा एक प्रसंग अडला होता. आई कारखान्यातून परत येते, विड्या तपासणाऱ्या चेकरनं बऱ्याच विड्या छाट म्हणून बाजूला काढलेल्या असतात, म्हणजे तेवढी मजुरी बुडालेली. माझ्या पहिल्या खर्ड्यात ती उंबऱ्यावर बसून रडत होती. तुम्ही वाचलंत आणि एवढंच विचारलंत, "उद्याची पानं कोण भिजवणार गं?"

त्या प्रश्नानं कथा हलली. विडीची, म्हणजे टेंभुर्णीच्या झाडाची, पानं भिजवून मऊ केल्याशिवाय कापता येत नाहीत. मन कसंही असलं तरी ती संध्याकाळ तिला पानांसाठी द्यावीच लागणार. मग आपण दोघी कागद घेऊन बसलो. आई काय करेल? मुलीवर ओरडेल. शेजारणीकडे जाईल. जेवणार नाही. पानं कापायचं पत्र्याचं माप फेकून देईल. सुचेल ते मी लिहीत होते आणि तुम्ही एकेकावर बोट ठेवून म्हणत होता, "हे कुणालाही सुचेल. पुढं." तुम्ही एकदाही 'वाईट आहे' म्हणाला नाहीत. पुढं, पुढं, एवढंच. यादी संपली, मी गप्प झाले, तेव्हा तुम्ही विचारलंत, "ती मोजते कुठल्या भाषेत?"

अक्का, असं विचारणारं माणूस लिहिणाऱ्याला फार नशिबानं मिळतं. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागात, तेलुगू वस्तीत, माणूस बाजारात मराठी बोलतो, शेजारी कन्नड, कामावर हिंदी, पण मोजायची वेळ आली की आईच्याच भाषेत मोजतो. पंचवीस विड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्टे म्हणजे हजार, आणि मजुरी हजारावर. त्यातून प्रसंग सापडला. दुसऱ्या दिवशी आई वळत बसलीय, ओठात तेलुगूतून कट्टे मोजतेय. कोपऱ्यात अभ्यास करणारी मुलगी ते ऐकतेय. रोज चाळीस झाले की आई मांडीवरचं सूप खाली ठेवते आणि पाठ ताणते. आज चाळीस होतात. सूप हलत नाही. "नलभै ओकटी," आई म्हणते. एक्केचाळीस. काल किती बुडालं ते मुलीला न सांगता कळतं. रडणं नाही, संवाद नाही. ज्यांनी ज्यांनी कथेबद्दल कळवलं, त्या जवळजवळ सगळ्यांनी हाच प्रसंग काढला.

तुमच्या आईनं आयुष्यभर विड्या वळल्या, हे मला त्यानंतर कळलं. म्हणजे माझ्या प्रत्येक अडचणीचं उत्तर तुमच्या घरात होतं आणि तरी तुम्ही प्रश्नच विचारत राहिलात. का, असं मी विचारलं तर म्हणालात, "मी सांगितलं असतं तर ती माझ्या आईची गोष्ट झाली असती. तुला तुझी बाई शोधायची होती." पण मी बघायला मागितलं तेव्हा हातही आखडला नाहीत. तुमच्या गल्लीतल्या बायकांजवळ नेऊन मला दुपारभर बसवलंत. मापाच्या पत्र्याभोवती कात्री फिरते, चिमूटभर तंबाखू पडते, पान वळतं, सूत बसतं, तोंड दुमडलं जातं, आणि हे सगळं बोलता बोलता. हात थांबतच नाहीत. त्या दुपारनंतर मी मायलेकींचं भांडण पुन्हा लिहिलं. आता आई मुलीकडे मान वर करून बघत नाही, आणि म्हणूनच ते जास्त लागतं.

रविवारच्या आपल्या बैठकीचेही आभार मानायचे आहेत. ती तुम्ही धरून ठेवली म्हणून टिकली. वाचनालयातून निघून सिद्धेश्वर तळ्याच्या काठी बसायचं, एकानं वाचायचं, आणि इतरांचं बोलून होईपर्यंत वाचणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही. सुरुवातीला हा नियम मला जाचक वाटे. पण आपल्या कथेचा बचाव करता येत नाही, तेव्हाच ती दुसऱ्याच्या डोक्यात कशी उतरली ते ऐकू येतं.

यंत्रमागावर उमर घालवलेल्या काकांनी एकदा सांगितलं होतं की मागाच्या खटखटाटात लेकरू गाढ झोपतं, वीज गेली, माग एकदम थांबले की दचकून उठतं. माझी वही लगेच बाहेर आली होती. तुम्ही हळूच म्हणालात, "ते त्यांचं आहे. त्यांच्या कथेत येऊ दे." आणि आलंही, किती सुंदर आलं! चार लिहिणारी माणसं मन मोकळं करून बोलतात ती या भरवशावर.

मार्शल लॉवर कथा लिहिणाऱ्या त्या कॉलेजच्या पोराला तुम्ही जे सांगितलंत, ते तर मी भिंतीवर लावलंय. गांधीजींच्या अटकेनंतर मे १९३० मध्ये सोलापूर पेटलं, इंग्रजांनी मार्शल लॉ म्हणजे लष्करी अंमल लावला आणि पुढं १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन येरवड्यात फासावर गेले, हे इथल्या शाळकरी मुलालाही पाठ असतं. त्यामुळे त्याच्या कथेतली माणसं पहिल्या पानापासून हुतात्म्यांच्या पुतळ्यासमोर उभी असल्यासारखी बोलत होती. तुम्ही म्हणालात, "मे महिन्यातल्या माणसाला जानेवारी माहीत नाही रे. त्याला आज गिरणी चालू आहे की बंद, एवढंच माहीत आहे." ऐतिहासिक कथेबद्दल याहून कामाचं मी कुठं ऐकलेलं नाही.

एका बाबतीत मात्र मी अजून तुमच्याशी भांडणार. निवेदन प्रमाण मराठीत आणि सोलापुरी फक्त संवादात, हे तुमचं मत मला पटत नाही. "काय करायलास बे" म्हणणारं पोरगं स्वतः गोष्ट सांगत असेल, तर ते पुणेरी मराठीत का सांगेल? तुम्ही म्हणता, बाहेरच्या वाचकाला जड जातं. जाऊ दे की थोडं जड. पुढच्या कथेत मी करून बघणार आहे, आणि पहिला खर्डा तुमच्याच हातात देणार आहे, कारण न पटणारी गोष्टही तुम्ही तिच्या बाजूनं वाचता.

तुमच्या कादंबरीत थोरला भाऊ मुंबईहून परत येतो तिथं अडलंय, असं मागं म्हणाला होतात. येत्या रविवारी पहिला तास तुमचा. आम्ही सगळे ती पानं वाचून येणार आहोत. काका विचारत होते, तो परत आला तेव्हा घरातला माग विकलेला होता की नाही? मला विचारायचंय की दार कुणी उघडलं.

तुमची,
रविवारच्या बैठकीतली धाकटी