सही खोक्याची होती, मशीनची नव्हती

मा. संपादक,
स.न.वि.वि.

नव्या यंत्रांच्या तक्रारींवरचा कालच्या पुरवणीतला लेख सकाळी वाचला. रात्रीपर्यंत तो डोक्यातून गेला नाही, म्हणून आज लिहायला बसले. माल दारात आला की ग्राहक न बघता सही करतो आणि मग आठवड्याने रडत येतो, असं लेखकाचं म्हणणं. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. लाकूडकामावरची त्यांची आधीची टिपणं मी कापून वहीत चिकटवली आहेत. पण हे वाक्य वाचून फार वाईट वाटलं, कारण बिडाचं, म्हणजे ओतीव लोखंडाचं, मशीन खोक्यातून बाहेर काढलेला माणूस असं लिहिणार नाही.

मी बारा वर्षं हातरंध्यावर फळ्या सरळ केल्या. उजवा खांदा धरायला लागला तेव्हा पैसे साठवून रंधा मशीन घेतलं. ८ इंची, बिडाची दोन टेबलं (पुढच्यावरून फळी ढकलायची, मागच्यावर ती रंधून येते) आणि मधे फिरणारा तीन पात्यांचा दांडा. टेंपोतून खोका उतरला तेव्हा मी तो चारी बाजूंनी फिरून पाहिला. खालच्या डाव्या कोपऱ्याची फळी जराशी दबली होती, बाकी सगळं ठीक होतं. मी म्हटलं, "दादा, उघडून बघू द्या." तो म्हणाला, "ताई, अजून नऊ ठिकाणी जायचंय. आधी सही करा, मग निवांत उघडा." त्याच्यावर माझा राग नाही, त्याला वरूनच तसं सांगितलेलं असतं. मी पोचपावतीवर लिहिलं, 'खालचा डावा कोपरा दबलेला, माल आतून पाहिलेला नाही', सही केली आणि त्या पावतीचा फोटो काढला. लेखात ज्या ग्राहकाला दोष दिलाय तो ग्राहक मी नाही. तरीही माझ्या वाट्याला काय आलं ते सांगते.

नवं मशीन उघडलं की आधी हाताला लागतो तो गंजू नये म्हणून थापलेल्या तेलाचा चिकट थर. रॉकेलच्या फडक्याने तो पुसून काढायलाच अर्धा दिवस जातो, आणि तोवर खालचं बीड दिसतच नाही. पुसून झाल्यावर थोडी बसले आणि परत येऊन पाहते तर मागच्या टेबलाखाली, ज्या तिरक्या खाचेवर ते वरखाली सरकतं तिथे, केसाएवढी तेलाची रेघ. पुसली, तर पुन्हा उमटली. मग मी खडू किसून त्याची भुकटी तिथे चोळली. ही माझी युक्ती नाही. रेल्वेच्या कार्यशाळांमध्ये पूर्वी लोखंडी भागांतले तडे असेच शोधत. तेल लावायचं, पुसायचं, वर खडू फासायचा. चिरेत मुरलेलं तेल हळूहळू वर येतं आणि पांढरी भुकटी डागाळते. माझ्या टेबलाखाली दहा मिनिटांत बोटभर लांबीची काळपट रेघ उभी राहिली. लाकडी मोगरीने ठोकून पाहिलं तर पुढचं टेबल खणखणीत वाजलं आणि मागचं फुटक्या मडक्यासारखं बद्द. दोन्ही टेबलांवर मिळून पोलादी पट्टी ठेवली, तर मागच्या टोकाला ०.४० मिलिमीटरचं फीलर गेज (फट मोजायची पातळ पत्ती) अलगद आत गेलं. मागचं टेबल पुढच्याशी तंतोतंत समांतर आणि पात्यांच्या टोकाशी एका पातळीत असलं तरच फळी सरळ निघते. ते शेवटाकडे झुकलं असेल तर कितीही वेळा फळी ढकला, बाक तसाच राहणार.

संपादक महोदय, यातलं काय मी टेंपो दारात उभा असताना पाहायचं होतं?

आता कोपऱ्याबद्दल. खोका वरून धडधाकट दिसला म्हणजे आतलं मशीन वाचलं, हा समज चुकीचा आहे. जड वस्तू ३० सेंटीमीटरवरून पडली आणि सेंटीमीटरभरात थांबली, तर त्या क्षणी तिच्यावर सरासरी तिच्या वजनाच्या साधारण ३० पट जोर येतो. लाकडी फळी थोडी दबते आणि तो जोर सोसते. बीड दबत नाही. बिडात कार्बन ग्राफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपात असतो. त्या पापुद्र्यांमुळे ते थरथर छान जिरवतं, म्हणून तर यंत्रांची टेबलं बिडाची करतात. पण तेच पापुद्रे ताण आला की चिरेला वाट करून देतात. दाब ते कितीतरी सोसतं, ताण मात्र त्या मानाने फार थोडा. पोलाद वाकून इशारा देतं, बीड सरळ तडकतं. मशीन खालच्या पाटाला बोल्टने घट्ट आवळलेलं आणि टेबल एका बाजूला बाहेर लोंबकळणारं, असा खोका कोपऱ्यावर आदळला की चीर नेमकी त्या खाचेपाशीच पडणार.

विक्रेत्याला कळवलं. पहिलं उत्तर आलं की तक्रार २४ तासांच्या आत हवी होती. माझी ३१ व्या तासाला गेली होती, कारण आदला अख्खा दिवस मशीन खोक्यातून काढण्यात आणि तेल पुसण्यात गेला होता. बाहेरून न दिसणाऱ्या नुकसानीची लेखी सूचना द्यायला समुद्रमार्गे येणाऱ्या मालासाठी १९२४ च्या हेग नियमांनी ३ दिवस दिले. विमानाने येणाऱ्या मालासाठी १९९९ च्या माँट्रियल कराराने १४ दिवस दिले. ते नियम माझ्या टेंपोला लागू नाहीत, हे मला कळतं. पण काही नुकसान उशिरा दिसतं, एवढं तरी शंभर वर्षांपूर्वीच्या लोकांनी मान्य केलं होतं.

दुसरं उत्तर वाचून मात्र माझे हात थरथरले. 'मशीन चालू करून, लाकूड घालून, दोष दिसेल असा व्हिडिओ पाठवा.' तडा गेलेलं टेबल, त्याला लागून मिनिटाला हजारो फेरे घेणारी पाती, आणि त्यावर मी माझ्या हातांनी फळी दाबायची! का, तर त्यांची खात्री पटावी म्हणून. मी स्पष्ट नकार दिला. खडूचे, पट्टीचे, फीलर गेजचे फोटो पाठवले. फोनवर त्यांच्या तंत्रज्ञाने विचारलं, "मोटर फिरतेय ना मॅडम? मग बारीक वेल्डिंग मारून घ्या." बिडाला वेल्डिंग करायचं तर आधी ते नीट तापवावं लागतं आणि नंतर सावकाश निववावं लागतं. एवढं करूनही जोडाशेजारची जागा कडक आणि ठिसूळ होऊ शकते, टेबल वाकडं होऊ शकतं, आणि मग ते पुन्हा घासून सपाट करावं लागतं. हे त्या गृहस्थांना ठाऊक नसेल तर त्यांनी ही मशीनं विकू नयेत. ठाऊक असूनही सांगितलं असेल, तर ते त्याहून वाईट.

तिसऱ्या उत्तरात किमतीतले थोडे पैसे परत देऊ केले, मशीन आहे तसं ठेवून घ्यायच्या अटीवर. मी ते घेतले नाहीत. आज १९ दिवस झाले. मशीन पाटावरच, कापडाखाली झाकलेलं आहे. खोक्याच्या फळ्या, थर्मोकोल, खिळेसुद्धा मी पिशवीत भरून ठेवले आहेत, कारण पॅकिंग टाकलं तर परत नेणार नाही असं पुढे म्हणायला त्यांना जागा नको. आणि मी पुन्हा हातरंधा घेतलाय, त्याच खांद्याने.

आता आणखी एक गोष्ट, तिच्याविषयी न लिहिता राहवत नाही. लेखासोबतच्या छायाचित्रात एक कारागीर जाड कापडी हातमोजे घालून चक्री करवतीवर फळी ढकलतो आहे, आणि करवतीवर झाकणही नाही. फिरत्या पात्यापाशी हातमोजे घालायचे नसतात. मोज्याचा एक धागा पात्यात अडकला की मागोमाग हात आत ओढला जातो, सोडवायला क्षणही मिळत नाही. नव्याने शिकणारी मुलं तुमची पुरवणी वाचतात, माझ्याकडे येणारी दोघं तर ती दर आठवड्याला घेऊन येतात. माझं पत्र छापायला जागा नसेल तर राहू द्या. पण पुढच्या अंकात त्या छायाचित्राबद्दलची दुरुस्ती नक्की छापा, कालच्याच पानावर, ठळक अक्षरांत.

आपली,
एक नियमित वाचक