पाखाडीवर पाण्याची ट्रॉली धावू द्या

संपादक महाशय,

स. न. वि. वि.

रोज साडेअकराच्या सुमारास मी सहा डबे घेऊन खाडीकडच्या आमच्या वाडीतून पाखाडी, म्हणजे डोंगरउतारावरची दगडी पायऱ्यांची वाट, चढते. वर, रत्नागिरीच्या थिबा पॉइंटच्या अंगाला, चार घरांत आणि दोन ऑफिसांत जेवण पोचवायचं असतं. रिक्षाने गेलं तर मोठा वळसा, आणि डब्यामागे जे सुटतं ते भाड्यातच जातं. एकोणीस वर्षं हाच क्रम आहे.

गेल्या आषाढात शेवाळावरून पाय सरकला. पिशवी हातातून सोडली नाही, पण वरच्या डब्याचं झाकण उडालं आणि काळ्या वाटाण्याची उसळ तीन पायऱ्यांवर पसरली. गुडघा महिनाभर सुजलेला होता. पाखाडीला धरायला कठडा नाही, मध्ये टेकायला कट्टा नाही. आता तरणी माणसंही तिच्याकडे फिरकत नाहीत, दोन मिनिटांच्या उतारासाठी गाडी काढतात आणि खाली नाक्यावर अडकून बसतात.

पाखाडी नुसती दुरुस्त करून भागणार नाही, तिथून जायला मजा वाटली पाहिजे. लहानपणी आम्ही पोफळीच्या विरीवर, म्हणजे झावळीच्या बुडाच्या रुंद भागावर, बसून उतारावरून घसरत यायचो. माझा भाऊ जहाजावर नोकरीला होता. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर फुंशाल नावाचं डोंगराळ शहर आहे, तिथली गंमत त्याने सांगितली होती. वेताच्या मोठ्या टोपलीत दोघं बसतात, टोपलीखाली लाकडी पट्ट्या, आणि मागून पांढऱ्या कपड्यातली दोन माणसं दोरीने आवरत ती टोपली चांगल्या रस्त्यावरून दोनेक किलोमीटर खाली आणतात. आमची विरीच ती! मग पाखाडीच्या कडेने पोरांसाठी एक गुळगुळीत घसरगुंडी का नको? शाळा सुटली की बघा कशी रांग लागते.

चढायचं काय, तर त्याचं उत्तर आपल्या विहिरीच्या रहाटात आहे. एक पोहरा खाली जातो तेव्हा दुसरा वर येतो. इंग्लंडमध्ये लिंटन आणि लिनमथ या दोन गावांमध्ये १८९० पासून अशीच ट्रॉली चालते. दोन डबे एका दोराला बांधलेले, प्रत्येकाखाली पाण्याची टाकी. वरच्या डब्याच्या टाकीत नदीचं पाणी भरतात, तो जड होऊन उतरतो आणि खालचा वर ओढला जातो. खाली पोचला की पाणी सोडून द्यायचं. वीज नाही, डिझेल नाही. चढ जवळजवळ दीडशे मीटरचा, आमच्या पाखाडीपेक्षा कितीतरी जास्त. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि सड्यावरून, म्हणजे वरच्या कातळाच्या पठारावरून, सगळा वाहून समुद्राला मिळतो. त्यातलं थोडं वर टाकीत साठवलं तर पावसाचे चार महिने तरी, म्हणजे नेमके निसरडे दिवस, म्हातारी माणसं, मासळीच्या पाट्या आणि माझे डबे बसून वर जातील. अशी दोराने ओढली जाणारी (फ्युनिक्युलर) ट्रॉली आपल्या राज्याला नवी नाही, सप्तशृंग गडावर ती २०१८ पासून आहे. ती विजेवर चालते, एवढाच फरक.

नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये १९९३ साली सायकलवाल्यांसाठीही सोय झाली. सायकलवर बसल्या बसल्या एक पाय पट्टीवर टेकायचा, पट्टी आपल्याला चढावर ढकलत नेते. ते आपल्याला लगेच जमणार नाही, पण पायऱ्यांच्या कडेला चाकापुरती लोखंडी पन्हळ बसवली तरी सायकल हाताने वर ढकलता येईल.

ट्रॉलीला वेळ लागेल हे मला समजतं. नगरपरिषदेने या पावसाआधी निदान एका पाखाडीवर कठडा, पन्हळ आणि घसरगुंडी करून बघावी. मधल्या वळणावर कट्टा बांधणार असाल तर आमच्या पडक्या गडग्याचे चाळीसेक चांगले चिरे पडून आहेत. ते घेऊन जा, पैसे नकोत.

आपली,
डबे पोचवणारी एक वाचक, रत्नागिरी