निळी वही पाठवतोय

सांगली, रविवार रात्र

चि. मनूस अनेक आशीर्वाद.

सकाळी तू अरबी सोडली म्हणालीस आणि फोन मीच आधी ठेवला. आई तेव्हापासून माझ्याशी बोललेली नाही. अरबीचा विषय या पत्रात काढायचा नाही, असं ठरवून बसलोय. खोकला कसा आहे? रात्रीचं जेवतेस ना?

दिवाळीत ओट्याला टेकून तू येहुदा इब्न तिब्बोनची गोष्ट सांगितली होतीस. स्पेनमधल्या तुझ्याच ग्रनाडाचा ज्यू वैद्य. बाराव्या शतकात तो दक्षिण फ्रान्सात लुनेलला गेला. ख्रिस्ती मुलखातल्या तिथल्या ज्यूंना अरबी येईना आणि विद्या तर अरबीत, म्हणून तो ती हिब्रूत आणत बसला. आणि पोराला पत्र लिहिलं, की सात वर्षं झाली तरी तू अरबी लिहायला शिकला नाहीस! तू हसत म्हणालीस, "बाबा, हे तर तुम्हीच."

बघ, आलोच तिथे. रागावू नकोस.

पण त्या पोराचं, शमुएलचं, पुढे काय झालं? ज्यू तत्त्वज्ञ मायमोनिडीझचा अरबी ग्रंथ त्यानेच १२०४ साली हिब्रूत पुरा केला. मायमोनिडीझने स्वतः इजिप्तहून त्याला कळवलं होतं, शब्दाला शब्द लावू नकोस, आधी अर्थ धर. शमुएलचा जावई याकोव अनातोली नेपल्सला सम्राट फ्रेडरिकच्या आश्रयाने मुसलमान तत्त्वज्ञ इब्न रुश्दची भाष्यं हिब्रूत करत होता. आणि इब्न रुश्दचं प्लेटोच्या 'रिपब्लिक'वरचं भाष्य? त्याचं मूळ अरबी हरवलं, दुसऱ्या एका ज्यू पंडिताने केलेलं हिब्रू भाषांतर तेवढं उरलं, आणि त्यावरून पुढे लॅटिन झालं. मुसलमान पंडिताचं लिहिणं ज्यूंच्या वहीत टिकलं आणि ख्रिस्ती लोकांनी वाचलं. मधल्या माणसाने 'मला नाही जमत' म्हणून वही मिटली असती तर?

पुन्हा सुरू झालो. चुकलं माझं.

पुस्तकांना ओल लागू देऊ नकोस, उंदरांपासून जप, हिब्रू पुस्तकं दर महिन्याला आणि अरबी दोन महिन्यांनी तपास, असंही येहुदाने लिहिलंय. ते ऐकताना मला २०१९चा पूर आठवला. खालच्या दोन फळ्या गेल्या. अण्णांचा शब्दकोश तू पान पान सुटं करून गच्चीवर वाळवलास, चार दिवस, पाठ सोलून निघेपर्यंत. तेव्हाच मी आईला म्हटलं होतं, ही पुस्तकांतलीच आहे. वाचनालयात अजून सगळ्यांना सांगतो.

खरं विचारू? सकाळी तुझा आवाज दमलेला होता. अरबी अवघड म्हणून सोडलीस, की शिकवणीच्या पैशांचा विचार करून? बँकेचा हप्ता माझा मी बघतो, त्यात तू पडू नकोस. आणि मनापासून नको असेल तर सोड. मी धरून बसणार नाही. बहुतेक नाही.

उद्या पार्सल टाकतोय. मेतकूट, आईची लसणाची चटणी, आणि तुझी निळी वही, पुण्यात पहिल्यांदा अलिफ गिरवलेली. शेवटची अकरा पानं कोरी आहेत. मोजली मी.

जेवून झोप. फोन आईला कर, मी शेजारीच असेन.

तुझा,
बाबा