चपलेत आधी हात घाला, मग पाय

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

परळला हॉस्पिटलांच्या रस्त्यावर माझा चपला-बूट दुरुस्तीचा पत्र्याचा स्टॉल आहे. सरकारी कागदावर आम्हाला गटई कामगार म्हणतात. आपल्या पुरवणीतला चालण्याच्या फायद्यांचा लेख शेजारच्या चहावाल्याने मला आणून दिला. किती पावले चालावीत, हात कसे हलवावेत, पाणी कधी प्यावे, सगळे होते. पायातल्या वस्तूवर मात्र एकच ओळ: 'योग्य पादत्राणे वापरावीत.' योग्य म्हणजे कोणती, हे एकतीस वर्षे लोकांच्या चपला उलट्या करून बघणाऱ्याने सांगितले तर चालेल ना?

गिऱ्हाइकाने चप्पल पुढे केली की मी आधी तळ बघतो. टाच बाहेरच्या कडेला, मागून थोडी झिजलेली असेल तर काळजी नसते. बहुतेकांचा पाय तिथेच आधी टेकतो. आतली कड खचली असेल तर पाऊल आत कलते, अशांचा तळवा बहुधा सपाट असतो. एकाच पायाची टाच झिजली असेल तर मी विचारतो, गुडघा कुठला दुखतो? दर वेळी त्याच पायाचे उत्तर येते असे नाही, पण दुखत काहीतरी असतेच. टाच तिरकी झाल्यावरही माणसे वर्ष-वर्ष तीच चप्पल ओढतात आणि पट्टा तुटला की मगच माझ्याकडे येतात.

मेडिकलला शिकणारा एक मुलगा बुटाला टाके घालून घेताना म्हणाला, "काका, एका पावलात २६ हाडे असतात." दोन्ही पायांची ५२, म्हणजे अंगातल्या २०६ पैकी जवळजवळ पाव हिस्सा झाला. निमुळत्या टोकाचे बूट हातात आले की मला त्या पोराचे बोलणे आठवते. अंगठा दाबला जाऊन शेजारच्या बोटाकडे कलतो, मुळाशी गाठ येते, आणि करंगळीवर कुरूप होते ते वेगळेच. रुंदीला बसत नाही म्हणून लोक एक नंबर मोठा बूट घेतात. मग तो चवड्यावर वाकायचा सोडून भलतीकडेच वाकतो आणि टाच आत घसरत राहते. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने मध्यंतरी देशभरातल्या लाखावर लोकांची पावले मोजली, तेव्हा ती युरोप-अमेरिकेतल्यांपेक्षा रुंद निघाली. माझे वडील गिऱ्हाइकाला वर्तमानपत्रावर उभे करून पेन्सिलीने पावलाभोवती रेघ मारायचे. तेही संध्याकाळी, कारण तोवर पाय जरा फुगलेला असतो. त्या रेघेवर नवा बूट ठेवून बघा. रेघ बाहेर डोकावली तर तो बूट घेऊ नका.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. आईला शुगर होती. २०१४ च्या पावसाळ्यात तिच्या चपलेचा पट्टा सुटला. मी दोन चुका ठोकून दिल्या. आमच्या धंद्यात बारीक खिळ्याला चूक म्हणतात. त्यातली एक आतून वर आली. आई ती चप्पल घालून लालबागच्या बाजारात जाऊन आली, भाजी निवडली, भात लावला. फरशीवर डाग कसले, असे माझ्या मुलीने विचारले तेव्हा आम्हाला कळले. आईला काहीच दुखले नव्हते. पुढे डॉक्टरांनी तिला डोळे मिटायला सांगून नायलॉनच्या बारीक दोऱ्याने तळवा ठिकठिकाणी टोचून पाहिला, तर ती म्हणते, "करा ना सुरू, कधीची बसलेय." शुगर जुनी झाली की तळव्याची जाणीव जाऊ शकते, हे मला तेव्हा समजले. चार महिने जखम भरली नाही, शेवटी एक बोट काढावे लागले. ती चूक माझ्याच हातची होती.

तेव्हापासून आतून हात फिरवल्याशिवाय मी कुणाची चप्पल परत देत नाही. शुगर आहे असे कळले तर खिळा मारतच नाही, शिवतो नाहीतर चिकटवतो. अशांना डॉक्टर एमसीआरची, म्हणजे बारीक छिद्रांच्या मऊ रबराची चप्पल लिहून देतात, तीही बिनखिळ्याचीच असते. घरात शुगरचे कुणी असेल तर घालण्याआधी चपलेत हात फिरवा आणि रात्री त्यांचे तळवे बघा. त्यांना वाकता येत नसेल तर आरसा जमिनीवर ठेवा. मंगळवारी सिद्धिविनायकाला अनवाणी चालत जाणाऱ्या मावश्यांनाही मी हेच सांगतो: चप्पल देवळाशी जाऊन काढलीत तरी बाप्पा रागावत नाही.

मऊ म्हणजे चांगले, हीही एक समजूत आहे. सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली पावले टाचेत सुई टोचल्यासारखी जातात, म्हणून माणसे स्पंजसारखी चप्पल घेतात. आठ-आठ तास उभ्या राहणाऱ्या नर्सबाई तर हमखास. चार-सहा महिन्यांत स्पंज बसतो आणि दुखणे परत येते. बूट दोन्ही हातांनी वाकवून बघावा. चवड्यापाशी वाकला तर ठीक, मधोमध घडी पडली तर नको. (लग्नकार्यासाठी जपून ठेवलेले पीयू, म्हणजे फोमसारख्या प्लास्टिकच्या सोलचे बूट मात्र मुंबईच्या दमट हवेत कपाटातल्या कपाटात भुगा होतात. त्यावर माझ्याकडे इलाज नाही, उगीच घासाघीस करू नये.)

पावसाळा तोंडावर आलाय. ओल्या बुटात दिवसभर पाय राहिला की बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात, आणि तळव्याला भेग किंवा जखम असेल तर साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा जंतू) आत शिरतो. घरी आल्यावर पाय साबणाने धुऊन बेचक्या कोरड्या कराव्यात. ओल्या बुटात वर्तमानपत्राचे बोळे कोंबून ते रात्रभर पंख्याखाली ठेवावेत. त्याला आपला रविवारचा अंक बरा पडतो, पाने जास्त असतात.

आपला,
एक गटई कामगार,
परळ, मुंबई