हॅम रेडिओचा नोड जरूर घ्या, पण आपत्तीसाठी नव्हे

माननीय संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आमच्या गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका शाळेच्या पालक सभेत अलीकडे एक सूचना आली. बाईंच्या, म्हणजे माझ्या, घरी आहे तसला 'इंटरनेटवाला वायरलेस' (हॅम रेडिओचा नोड) शाळेतही बसवावा, म्हणजे पावसात रस्ता बंद पडला, मोबाईल गेला, तरी पणजीशी बोलता येईल. सूचना करणाऱ्या गृहस्थांनी देणगीदारही मनात धरला होता. मला मत विचारले, मी 'यासाठी नको' म्हटले आणि सभा पुढच्या विषयाकडे, म्हणजे शौचालयाच्या नळाकडे, वळली. बाई आपले खेळणे दुसऱ्याला द्यायला तयार नाहीत, असे काहींना वाटल्याचे नंतर कानावर आले. सभेत जे सांगायला वेळ मिळाला नाही ते आपल्या दैनिकातून सांगते.

मी भौतिकशास्त्राची निवृत्त शिक्षिका. नोकरी संपल्यावर हौशी रेडिओचा, म्हणजे हॅम रेडिओचा, परवाना काढला. तो केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागातली डब्ल्यूपीसी शाखा देते आणि त्याआधी परीक्षा द्यावी लागते. माझी श्रेणी रिस्ट्रिक्टेड, त्यामुळे कॉलसाइन व्हीयू३ या अक्षरांनी सुरू होते. जनरल श्रेणीसाठी मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने मोर्स यावे लागते. तो अभ्यास रोज सकाळी चालू असतो आणि घरचे तो सोसतात.

परवाना हाती आला तरी बोलायचे कोणाशी, हा प्रश्न होताच. माझा हातातला सेट ५ वॅटचा. १४५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात, आणि वाळपईच्या पलीकडे नजरेच्या रेषेत असतो तो डोंगर. गच्चीवरून, कुळागराच्या वरच्या बांधावरून, रानात चढून, सगळीकडून हाका मारून पाहिल्या. क्वचित कोणी तुटक उत्तर द्यायचे, बाकी नुसती खरखर. माझ्या सेटने उघडेल असा रिपीटर, म्हणजे आवाज झेलून पुढे फेकणारे उंचावरचे केंद्र, आमच्या बाजूला नाही. म्हणून नोडचा, म्हणजे सेटला इंटरनेटशी जोडणाऱ्या छोट्या यंत्राचा, विचार सुरू झाला.

आधी एकोलिंक पाहिले, म्हणजे हॅमना इंटरनेटवरून जोडणारी सोय. २००२ पासून चाललेली ही जुनी सोय, संगणकावर किंवा फोनवरही चालते आणि परवाना तपासल्याशिवाय आत घेत नाही. पण नोड म्हणून तिला इंटरनेटवरून आत येणारी दारे (पोर्ट) राउटरमध्ये उघडी लागतात: यूडीपी ५१९८ आणि ५१९९. आमच्याकडचा केबलवाला अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतो, त्यामुळे राउटरमध्ये कितीही दारे उघडली तरी वरची वेस बंदच. खेड्यात फायबर घेतलेल्या बहुतेकांची हीच स्थिती असणार. प्रॉक्सीचा, म्हणजे मधल्या दुसऱ्याच्या सर्व्हरचा, मार्ग आहे, पण मला तो उसना वाटला.

शेवटी डीएमआर, म्हणजे डिजिटल रेडिओची एक पद्धत, घेतले. २००५ साली युरोपच्या ईटीएसआय या संस्थेने व्यावसायिक वॉकीटॉकींसाठी हे मानक तयार केले आणि हॅमनी ते उचलले. यात नोड स्वतःच बाहेर जाऊन सर्व्हरला जोडला जातो, म्हणून केबलवाल्याची वेस आड येत नाही. माझा नोड म्हणजे रास्पबेरी पाय झीरो हा चिमुकला संगणक, त्याच्यावर बसवलेला एमएमडीव्हीएम बोर्ड (नोडचा छोटा रेडिओ) आणि करंगळीएवढी अँटेना. त्यात पाय-स्टार ही मोफत प्रणाली मेमरी कार्डवर घातलेली. सगळे मिळून काड्यापेटीहून थोडे मोठे.

बोर्ड मागवून, कार्ड घालून, वायफायला जोडून झाले की खरे काम पुढे असते. रेडिओआयडी या संकेतस्थळाकडून स्वतःचा सात आकडी क्रमांक घ्यावा लागतो. भारतातले क्रमांक ४०४ ने सुरू होतात. त्यासाठी परवान्याची प्रत पाठवावी लागते. मग ब्रँडमायस्टर या जाळ्यावर खाते, नोडचा पासवर्ड, सेटमध्ये चॅनेल, कलर कोड, टाइम स्लॉट (बोलण्याची पाळी), टॉकग्रुप (एकत्र बोलणाऱ्यांचा गट). एका साडेबारा किलोहर्ट्झच्या पट्ट्यात ३० मिलिसेकंदांच्या पाळीने दोन संभाषणे चालतात, ही डीएमआरची गंमत. घरगुती साध्या नोडला मात्र स्लॉट २ च द्यावा लागतो. सेटमध्ये स्लॉट १ राहिला तर बटण दाबून नुसते बसावे लागते.

फ्रिक्वेन्सीचे जरा सविस्तर सांगायला हवे, कारण इथे मुले परदेशी व्हिडिओ पाहून तसेच्या तसे आकडे टाकतात. अमेरिकेत ४४६ मेगाहर्ट्झ हौशी पट्ट्यात बसतो, युरोपात नोडला ४३८ च्या वरचे आकडे सर्रास देतात. आपल्याकडे हौशी रेडिओला मिळालेला पट्टा ४३४ ते ४३८. त्यातही ४३५ ते ४३८ हा भाग हौशी उपग्रहांचा. तिथे आपला नोड चोवीस तास पुटपुटत ठेवणे शहाणपणाचे नाही. म्हणजे उरते ४३४ ते ४३५ एवढी गल्ली. माझा नोड त्या गल्लीत आहे.

बोर्डाची फ्रिक्वेन्सी ठरवणारा स्फटिक स्वस्तातला असतो, त्यामुळे स्क्रीनवर लिहिलेली फ्रिक्वेन्सी आणि प्रत्यक्ष फ्रिक्वेन्सी यांत काहीशे हर्ट्झचा फरक पडतो. अॅनालॉग आवाज एवढ्या फरकाने थोडा फाटला असता. डिजिटलला तो सोसत नाही. नोडच्या पानावर बिट-एरर रेट, म्हणजे चुकीच्या पोहोचलेल्या आकड्यांचे प्रमाण, दिसतो. ऑफसेटचा, म्हणजे या फरकाच्या दुरुस्तीचा, आकडा थोडा थोडा हलवत तो टक्क्याच्या खाली आणायचा. हे काम मला आवडले. प्रयोगशाळेत व्हर्नियर लावताना जी मुले घाई करायची, त्यांना हे द्यायला हवे होते.

आणि मग बोलणे सुरू झाले. भारताचा टॉकग्रुप ४०४, शिवाय इतर राज्यांतले, इतर देशांतले. डोंगरापलीकडे पाऊल न टाकणारा माझा सेट जेवणाच्या टेबलावर ठेवून मी जपानमधल्या एका निवृत्त गृहस्थांशी पावसाविषयी बोलले. त्यांच्याकडेही कोसळत होता. शेजारीण खिडकीतून ऐकत होती. "बाय, तुमगेर पोलिसांचो वायरलेस आसा मरे?" असे तिने विचारले. नाही म्हणून सांगितले. हॅम रेडिओवरचे बोलणे कोणीही ऐकावे असेच असते. आपले कॉलसाइन सांगूनच बोलायचे, धंद्याचा निरोप नाही, गाणी नाहीत, आणि सांकेतिक भाषा तर मुळीच नाही. डीएमआर सेटमध्ये एन्क्रिप्शनचा पर्याय असतो. तो हॅमने कधीही चालू करू नये.

इतके गुण गाऊन मी सभेत 'नको' का म्हटले?

माझा आवाज हवेतून जातो तो फक्त सेटपासून नोडपर्यंत, जेवणघरापासून माडीपर्यंत. नोडची ताकद जेमतेम १० मिलिवॅट. गोठ्यापर्यंत गेला तर नशीब. तिथून पुढे वाळपई, पणजी, जपान, सगळे अंतर माझा आवाज केबलमधून कापतो. म्हणजे आपत्तीत जी वस्तू सर्वांत आधी तुटते, तिच्यावरच हा सगळा डोलारा उभा.

मे २०२१ मधले तौक्ते वादळ आठवावे. गोव्यात किती झाडे आणि किती खांब पडले, वीज किती ठिकाणी कितीतरी वेळ नव्हती, हे सांगायला नको. त्याच वर्षी जुलैत म्हादईचे पाणी सत्तरीतल्या घरांत शिरले. अशा दिवशी नोडचे काय होते? नोडला स्वतःला दोन-अडीच वॅट लागतात. दहा हजार एमएएचची पॉवर बँक त्याला रात्रभर पोसेल. राउटरलाही छोटी बॅटरी लावता येईल. पण फायबर घराबाहेर पडून खांबाखांबाने जाते आणि पलीकडे ऑपरेटरच्या यंत्राला वीज लागते. एखादा फणस तारेवर आडवा झाला की संपले. मोबाईलच्या डोंगलवर नोड चालतो, खरे. पण टॉवरच्या बॅटऱ्या संपल्यावर जनरेटरला डिझेल लागते आणि डिझेलचा ट्रक त्याच बंद रस्त्याने यायचा असतो. तोवर नोडचा दिवा मात्र लुकलुकत असतो. शाळेतल्या मुख्याध्यापकांना तो दिवा पाहून संपर्क चालू आहे असे वाटेल, ही मला सर्वांत मोठी भीती आहे.

हॅमचे नाव ज्या कामांमुळे झाले ती कामे या वाटेने झालेली नाहीत. डिसेंबर २००४ मध्ये दिल्लीच्या भारती प्रसाद आपल्या चमूसह हौशी रेडिओच्या मोहिमेसाठी पोर्ट ब्लेअरला होत्या. त्सुनामी आली, नेहमीचा संपर्क कोलमडला, आणि त्यांनी लावलेल्या एचएफ (लघुलहरी) संचावरून अंदमानचे निरोप मुख्य भूमीवर आले. त्या लहरी वरच्या आयनमंडलावरून परावर्तित होऊन समुद्र ओलांडतात. मध्ये कोणाचा सर्व्हर नसतो. आणि आपण गोमंतकीयांनी तर हे फार आधी पाहिले आहे. नोव्हेंबर १९५५ पासून वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो यांनी आंबोलीच्या जंगलातून, ट्रकमध्ये ठेवलेल्या ट्रान्समीटरवरून, स्वातंत्र्याचा आवाज पोर्तुगीज आणि कोंकणीतून गोव्यात पोहोचवला. लिबियाबाईंना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. पोर्तुगीजांच्या हद्दीतल्या कोणत्याही तारेवर ते केंद्र विसंबून राहिले असते तर एक दिवसही टिकले नसते.

तेव्हा देणगीदार मिळालाच असेल तर त्या पैशांतून आधी एक चांगली बारा व्होल्टची बॅटरी आणि सौर पॅनेल घ्यावे. नंतर गच्चीवर उंच नळीवर बसवलेली व्हीएचएफ अँटेना, नीट केबल आणि वीज पडण्यापासून संरक्षण. संच अॅनालॉग एफएमचा असला तरी चालेल, किंबहुना तोच बरा. डिजिटलमध्ये माझे डीएमआर, दुसऱ्याचे डी-स्टार, तिसऱ्याचे सी४एफएम, या वेगवेगळ्या पद्धती एकमेकांना कळत नाहीत. साधा एफएम प्रत्येक संचात असतो. डोंगरावर, जिथून दोन्ही बाजूंची गावे दिसतात अशा जागी, रीतसर मंजुरी घेऊन बॅटरीवर चालणारा एक रिपीटर उभा राहिला तर सत्तरीचे निम्मे काम होईल. ते एका शाळेचे काम नव्हे. पंचायतींनी मिळून मनावर घ्यायला हवे.

आणि माणसे? बाराव्या वर्षापासून ही परीक्षा देता येते. आठवी-नववीची मुले आणि दोन शिक्षक परवानाधारक झाले तर संच वापरणारे कोणीतरी गावात असेल. परवान्याशिवाय सेट हाती देऊ नये. ऑनलाइन दुकानांत वॉकीटॉकी खुलेआम मिळतात म्हणून त्या कोणीही वापरू शकतो असे अनेकांना वाटते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला २०२५ साली अशा विक्रीवर मार्गदर्शक सूचना काढाव्या लागल्या, त्या याच समजामुळे.

नोड शाळेत नकोच का? सरावासाठी खुशाल घ्यावा. पावसाळी संध्याकाळी डोंगर ओलांडून जाता येत नाही तेव्हा परवानाधारक मुलांना त्यावर बोलायची शिस्त लागते: आपली पाळी येईपर्यंत थांबणे, दोघांच्या बोलण्यात दोन सेकंदांची फट ठेवणे, निरोप लिहून घेऊन परत वाचून दाखवणे, लॉगबुक भरणे. माझ्या घरी येऊन कोणी शिक्षक तो पाहू इच्छीत असतील तर मी आनंदाने दाखवीन, ऑफसेट कसा लावायचा तेही सांगेन.

फक्त शाळेच्या फलकावर त्याला 'आपत्कालीन संपर्क केंद्र' म्हणू नये. आणि तालुका पातळीवर आपत्ती व्यवस्थापनाची पुढची मॉक ड्रिल होईल तेव्हा आयोजकांनी एक करावे: सुरुवातीलाच इमारतीचा मेन स्विच खाली ओढावा, राउटर काढून ठेवावा, मोबाईल टेबलावर जमा करावेत, आणि मग पाहावे की वाळपईहून पणजीला एक साधा निरोप कसा पोहोचतो. त्या दिवशी मला बोलावले तर माझा ५ वॅटचा सेट, सुटी बॅटरी आणि गुंडाळता येणारी अँटेना घेऊन मी हजर राहीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका,
वाळपई, सत्तरी