चार बाजूंनी शेत ठरत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दहावीचा निकाल लागला की गणित सोपं करावं की कठीण, यावर वाचकांची पत्रं येऊ लागतात. मी मास्तर नाही, निवृत्त भूकरमापक आहे. नागपूरच्या आसपासची वावरं मोजण्यात नोकरी गेली. म्हणून वाद सोडून एकच गोष्ट मांडतो.

मोजणीला गेलं की एक तक्रार हमखास ऐकू यायची : "साहेब, तार त दोघायले सारखीच लागली, मंग त्याचं वावर मोठं कसं?" प्रश्न अडाणीपणाचा नाही, शिकलेलेही इथेच फसतात. चारही बाजू 100 मीटर असलेलं चौरस शेत एक हेक्टर भरतं. त्याच चार बाजू ठेवून कोपरा 30 अंशांपर्यंत कलला, तर उरतं अर्धा हेक्टर. कुंपण तेवढंच, जमीन निम्मी.

माझी नात आठवीत आहे. हीरोच्या सूत्राने, म्हणजे फक्त तीन बाजूंवरून, त्रिकोणाचं क्षेत्रफळ न चुकता काढते. परवा आइस्क्रीमच्या चार काड्या टाचण्यांनी जोडून तिच्या हातात दिल्या. चौकट दाबली की कलायची. तीन काड्यांचा त्रिकोण मात्र हलेना. मग चौकटीत पाचवी काडी तिरपी बसवली, तशी तीही ताठ झाली. नात म्हणाली, "आबा, म्हणजे कर्ण मोजल्याशिवाय शेत मोजलंच जात नाही?" आम्ही मोजणीची साखळी घेऊन आयुष्यभर हेच केलं. शाळेच्या उदाहरणांत मात्र तो कर्ण बहुधा आधीच आखून, लांबी लिहून हाती येतो. विचार करायची जागाच उरत नाही.

या त्रिकोणाने अख्खा देश मोजला, तोही आपल्या दारावरून. इंग्रज अधिकारी विल्यम लॅम्बटनने 1802 मध्ये मद्रासला सुमारे 12 किलोमीटरची एक रेषा काटेकोर मोजली. एक बाजू आणि कोन कळले की त्रिकोणाच्या बाकीच्या बाजू हिशेबाने निघतात, म्हणून पुढे मुख्यतः कोन मोजत, त्रिकोणाला त्रिकोण जोडत तो उत्तरेकडे सरकला. मधूनमधून नवी रेषा मोजून पडताळा घ्यायचा. नागपूरकडे येताना 1823 मध्ये हिंगणघाटला तो वारला. कबर तिथेच आहे. पुढे याच पद्धतीने हिमालयाची शिखरं दूरच्या मैदानातून मोजली गेली. नागपुरातल्या झिरो माईल या मोजणीच्या खांबाजवळच्या घोड्यांपुढे सेल्फी काढणाऱ्या किती पोरांना हे ठाऊक असेल?

आणखी एक. पुस्तकातलं माप अचूक असतं, वावरातलं नसतं. आमच्या मे महिन्यात 100 मीटरचा पोलादी टेप 20 अंशांनी जास्त तापला, तर दोन सेंटिमीटरहून अधिक लांबतो. दोनदा मोजलं की दोन उत्तरं येणारच. किती फरक चालवून घ्यायचा हेही गणितच आहे, पण वर्गात त्याला चूक म्हणतात.

बोर्डाच्या पेपरात एकदा तरी चौकोनाच्या फक्त चार बाजू देऊन क्षेत्रफळ विचारावं आणि "सांगता येत नाही, आणखी एक माप हवं" या उत्तराला पूर्ण गुण द्यावेत. शाळांच्या सहलीही एखाद्या वर्षी वॉटर पार्कऐवजी हिंगणघाटला न्याव्यात. सकाळी निघालं तर दुपारच्या जेवणाला परत येता येतं.

आपला,
एक निवृत्त भूकरमापक, नागपूर